ढिगातलं संत्रं: एका आळशी डोळ्याच्या सरावाचं प्रकरण

"एकलं संत्रं दिसते जी मॅडम, पन ढिगातलं नाही दिसत."

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार जानेवारीत माझ्यासमोर बसून हे म्हणाले आणि मी तपासणीच्या कागदावर त्यांची तक्रार जशीच्या तशी उतरवून घेतली. आमच्या अभ्यासात याला क्राउडिंग म्हणतात. एकटं अक्षर वाचता येतं, पण तेच अक्षर ओळीत, शेजारी दोन अक्षरं घेऊन आलं की त्याची गिचमीड होते. आळशी डोळ्याची, म्हणजे मेंदूने लहानपणापासून दुर्लक्षित केलेल्या डोळ्याची, ही खूण विद्यार्थ्यांना समजावताना माझी दहा मिनिटं जातात. भाऊंना एक वाक्य पुरलं, कारण महिनाभर ते त्यातच जगले होते.

भाऊंचं वय 31. डिसेंबरात आंबिया बहाराची तोडणी आटोपल्यावर झाडांची सल (वाळलेल्या फांद्या) काढताना एका फांदीचं टोक त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. काडीकाट्याने झालेली अशी जखम विदर्भातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्यातून बुरशी शिरते, बुबुळावर फूल पडतं आणि उशीर झाला तर नजर जाते. भाऊ वेळेत पोचले, डोळा वाचला, बुबुळाच्या कडेला एक पुसट डाग तेवढा राहिला. पण तो महिना त्यांनी डाव्या डोळ्यावर काढला. चुलतभावाचा माल घेऊन नागपूरला कळमन्याच्या मार्केटमध्ये गेले तेव्हा समोर संत्र्यांचा ढीग होता आणि त्यांना त्यात एकेक फळ वेगळं काढता येईना. लहानपणापासून फळ हातात न घेता डागी कोणतं ते सांगणारा माणूस. अडत्याने विचारलं, तब्येत बरी नाही का. उत्तर देता आलं नाही, असं ते म्हणाले.

उजवा डोळा बरा झाला होता, तरी ते आले होते, कारण आता भीती बसली होती. हाच डोळा उद्या पुन्हा दुखावला तर काय?

तपासणीत उजव्या डोळ्याला जवळजवळ नंबर नव्हता आणि डाव्याला अधिक 4. हा फरक जन्मापासूनचा असणार. असं असलं की लहान मुलाचा मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्याचं ऐकतो आणि अंधुक चित्र देणाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डोळा आतून निरोगी राहतो, पण मेंदूत त्याच्या वाट्याला जागा कमी येते. ह्यूबेल आणि वीझल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा बंद ठेवून हे दाखवलं. त्यांना 1981 साली नोबेल मिळालं. त्याच कामातून 'वय उलटलं की संपलं' हा समज पक्का झाला. भाऊ 12 वर्षांचे असताना शाळेतल्या तपासणीत कोणीतरी डावा डोळा कमी आहे हे ओळखलं होतं आणि सांगितलं होतं की आता काही होत नाही. साधा चष्माही दिला नाही.

हे ऐकलं की मला अजूनही वाईट वाटतं. अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2005 साली आले. त्यात 7 ते 12 वयोगटात चष्म्याच्या जोडीला पट्टी आणि अ‍ॅट्रोपिनचे (चांगल्या डोळ्याची नजर काही काळ अंधुक करणारे) थेंब दिलेल्यांपैकी 53 टक्के मुलांची नजर दोन ओळींनी किंवा जास्त सुधारली. नुसत्या चष्म्यावर ते प्रमाण 25 टक्के होतं. म्हणजे चष्म्यानेसुद्धा चारात एक. आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलासाठी कोणी हे वाचत असेल तर त्याला पुढच्या यंत्राबिंत्राची काही गरज नाही. नीट नंबरचा चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, तीही मध्यम दोष असेल तर रोज दोन तास पुरते. उद्याच तपासून घ्या.

भाऊंनाही आधी चष्माच दिला. चष्म्याने डाव्या डोळ्याला ओळीतलं 6/24 दिसलं आणि एकटं अक्षर 6/12 (खालचा आकडा जितका लहान तितकी नजर चांगली). ढिगातलं आणि एकलं यातला फरक असा कागदावर आला. पुढचे दहा आठवडे आम्ही दुसरं काहीच केलं नाही. नवा चष्मा लावल्यावर आळशी डोळा नुसत्या स्पष्ट चित्रानेही थोडा सुधारतो आणि ती सुधारणा मला सरावाच्या खात्यात टाकायची नव्हती. ओळीतली दोनतीन अक्षरं वाढली, मग लागोपाठ तीन तपासण्यांत आकडा जागचा हलला नाही. एप्रिल लागला होता.

यंत्र का घेतलं

मोठ्या माणसाचा आळशी डोळा सरावाने सुधारतो हे आता नवं नाही. लेवी आणि पोलाट यांनी 1996 साली प्रौढांना रेघांमधला बारीक सरक ओळखायला लावून आणि पोलाट, सागी वगैरेंनी 2004 साली फिक्या पट्ट्यांचे ठिपके पुन्हा पुन्हा ओळखायला लावून ते दाखवलं. करड्या पडद्यावर कडांकडे विरत जाणारे तिरपे पट्टे, त्याला गॅबर म्हणतात. डोळ्यांकडून आलेलं चित्र मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचतं तिथल्या पेशींना असे पट्टे फार मानवतात. अडचण एवढीच की हा सराव कमालीचा कंटाळवाणा आहे. शेकडो वेळा तेच. माझ्याकडे आलेले कितीतरी प्रौढ पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर यायचे बंद झाले आहेत. बसलेल्यांचंही मन दर थोड्या वेळाने भटकतं आणि नेमका त्या क्षणी ठिपका येऊन गेला तर तो प्रयत्न फुकट जातो.

माझे एक मित्र इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्याकडे मेंदूचे तरंग मोजणारा आठ वाहिन्यांचा बोर्ड होता. मेंदूची त्या क्षणाची अवस्था माणसाला पडद्यावर दाखवली तर तो ती सांभाळायला शिकेल का, असा त्यांचा प्रश्न. त्यांना उत्साह आला होता तो जपानमधल्या एका प्रयोगाने. शिबाता, वातानाबे, सासाकी आणि कावातो यांनी 2011 साली लोकांना एमआरआयमध्ये झोपवून पडद्यावर एक गोल दाखवला आणि सांगितलं, मेंदूने काहीतरी करा आणि हा गोल मोठा करा. मेंदूच्या मागच्या भागातली हालचाल ठरावीक तिरप्या पट्ट्यांच्या नमुन्याशी जितकी जुळेल तितका गोल मोठा व्हायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. काही दिवसांनी तपासलं तर त्याच तिरपेपणाचे पट्टे ओळखण्यात ते तरबेज झाले होते. सरावाच्या काळात ते पट्टे त्यांना दाखवलेही नव्हते.

हा प्रयोग वाचून मीही थक्क झाले होते. पण कवटीवरून घेतलेल्या तरंगांत पट्ट्यांचा तिरपेपणा तेवढ्या बारकाईने वाचता येत नाही. हाड आणि कातडी मधे आल्याने सगळं एकमेकांत मिसळून येतं. आम्हाला त्यातून भरवशाने मिळण्यासारखा होता तो अल्फा तरंग, सेकंदाला 8 ते 12 वेळा उठणारा. हान्स बर्गर यांनी 1929 साली मेंदूच्या तरंगांचा पहिला लेख प्रसिद्ध केला तेव्हापासून तो माहीत आहे. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागावर तो जोरात उठतो, उघडले की दबतो. उघड्या डोळ्यांनीसुद्धा लक्ष दुसरीकडे गेलं की चढतो, पाहण्यासाठी सज्ज झालं की उतरतो. तेव्हा बेत असा ठरला: पडद्यावर एक गोल, अल्फा उतरला की गोल वाढेल आणि गोल पुरेसा वाढला की मगच पट्ट्यांचा ठिपका क्षणभर येईल. चांगला डोळा झाकलेला.

भाऊंच्या आई पहिल्या दिवशी सोबत आल्या होत्या. त्यांनी तारा पाहिल्या आणि विचारलं, "डोक्यात करंट त नाही सोडत ना जी?" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये. इंजिनिअर सरांनी इलेक्ट्रोड आधी स्वतःच्या डोक्याला लावले, डोळे मिटले आणि पडद्यावर लाटा उठल्या. उघडले, विझल्या. मग आईंनी त्यांना तीनदा डोळे मिटायला लावलं. हे यंत्र फक्त ऐकतं, बोर्ड बॅटरीवर चालतो, लॅपटॉपही त्या वेळी चार्जरवर नसतो, हे त्यांनी स्वतः वायर पाहून खात्री करून घेतलं. आम्ही आणखी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, यातून नजर सुधारेलच असं आश्वासन नाही. दोन, पुढे काही बैठकांत गोल खोटा असू शकतो आणि कोणत्या ते सांगितलं जाणार नाही. भाऊंनी दोन्ही वाचून सही केली.

तेल, कूलर आणि दात

अल्फाची लाट दहा-वीस मायक्रोव्होल्टची. भिंतीतल्या तारेत 230 व्होल्ट. एवढा बारीक आवाज ऐकायचा तर इलेक्ट्रोड आणि कातडी यांचा संपर्क चांगला लागतो आणि भाऊंच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं. उन्हात बागेला पाणी द्यायला जाणारा माणूस तेल लावणारच. पहिल्या बैठकीचे 40 मिनिटं केस बाजूला करून कातडी पुसण्यात गेली. दुसऱ्या वेळेपासून ते आदल्या रात्री डोकं धुऊन येऊ लागले.

मग नागपूरचा उन्हाळा. महाल भागातल्या आमच्या दवाखान्याची वरची खोली एप्रिलअखेर तापते. कूलर चालू ठेवला तर त्याच्या वाऱ्याने तारा हलतात आणि तारांचं हेलकावणं नेमकं मेंदूच्या तरंगांसारखं दिसू शकतं. मोटरची 50 हर्ट्झची गुणगुण फिल्टरने काढता येते, हलत्या तारेचं तसं नाही. कूलर बंद केला तर दहा मिनिटांत मानेवर घाम आणि घामाने सगळी रेघ हळूहळू वर-खाली वाहत जाते. शेवटी बैठक सकाळी 7 वाजता ठेवली. खोली आधी कूलरने थंड करायची, तो बंद करून 12 मिनिटं सराव, पुन्हा कूलर, पुन्हा 12 मिनिटं. तारा भाऊंच्याच दुपट्ट्याने खुर्चीच्या पाठीला बांधल्या. त्यासाठी ते अंधारातच घरून निघायचे, सुमारे 60 किलोमीटर.

पहिल्या सहा बैठकांत गोल छान वाढत गेला. सर खूश होते, मीही. पण पट्टे ओळखण्याचा उंबरठा जागचा हलेना. जितका ठळक ठिपका पहिल्या दिवशी लागत होता तितकाच सहाव्या दिवशी.

सातव्या बैठकीत मी पडद्याकडे न बघता भाऊंच्या बाजूला स्टूल घेऊन बसले. गोल वाढायला लागायच्या जरा आधी त्यांच्या कानशिलाजवळचा स्नायू फुगत होता. सैल पडला की गोल लहान. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही दात दाबता का?"

"हो ना मॅडम. दाबलं का गोल वाढते. मले वाटलं असंच कराचं असते."

चूक आमची होती. अल्फा मोजताना आम्ही तो एकूण तरंगांच्या प्रमाणात मोजत होतो. जबडा आवळला की स्नायूंचा गलका अल्फाहून वेगाने उठणाऱ्या सगळ्या तरंगांत भरतो, एकूण आकडा फुगतो आणि अल्फाचं प्रमाण आपोआप घसरतं. मेंदू होता तसाच होता. आम्ही सहा दिवस एका मेहनती माणसाला दात दाबायचं शिकवलं आणि गोल मोठा करून त्याला शाबासकी दिली. भाऊंनी काही लबाडी केली नव्हती. यंत्राने ज्याला बक्षीस दिलं ते त्यांनी प्रामाणिकपणे शिकून घेतलं. मी त्यांची माफी मागितली. इतक्या लांबून येण्याजाण्याचे सहा दिवस आम्ही वाया घालवले होते.

त्या दुपारी सरांनी सूत्र बदललं. अल्फा आता प्रमाणात न मोजता थेट मोजायचा आणि जोडीला सेकंदाला 30 ते 45 वेळा उठणाऱ्या तरंगांवर पहारा: ते चढले की स्नायू आवळलाय असं समजून गोल गोठवायचा. बैठकीच्या आधी अर्धा तास खर्रा नाही, हाही नियम केला, कारण चघळून दमलेला जबडा आवळलेलाच राहतो.

'दिसलं' म्हणजे काय

आठव्यापासून बाराव्या बैठकीपर्यंत खरंच फरक दिसू लागला. अल्फा उतरत होता, पहारा शांत होता आणि भाऊ पूर्वीपेक्षा कितीतरी फिके पट्टे 'दिसले' म्हणत होते. मला रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला.

बाराव्या दिवशी मी मधेमधे रिकामे पडदे घातले, ज्यात ठिपका नव्हताच. भाऊ त्यातल्याही बऱ्याच पडद्यांना 'दिसलं' म्हणाले.

हे समजून घ्यायला मला थोडं मागे जावं लागलं. अल्फा उतरलेला असताना माणसाला फिकी गोष्ट दिसल्याचं अधिक वेळा वाटतं, हे अनेक प्रयोगांत आढळलं आहे. पण इएमी आणि सहकाऱ्यांनी 2017 साली नीट तपासलं तेव्हा निघालं की अशा वेळी मुख्यतः 'हो' म्हणण्याचा कल वाढतो. असलेलं आणि नसलेलं वेगळं ओळखण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही. दार जरा जास्त उघडतं, त्यातून पाहुणाही येतो आणि वाराही. माझा प्रश्न 'दिसलं का?' असा असेपर्यंत या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येणार नव्हत्या. नजरेच्या व्यायामाच्या बहुतेक दाव्यांत मी आता सर्वांत आधी हेच बघते: विचारलं काय होतं. 'बरं वाटतं का, जास्त दिसतं का' असं विचारून मिळालेली सुधारणा मी मानत नाही, मग ती माझ्याच खोलीतली का असेना.

तेराव्या बैठकीपासून प्रश्न बदलला. आता दोन घंटा वाजायच्या, पहिलीच्या वेळी एक पडदा, दुसरीच्या वेळी एक. ठिपका यातल्या एकातच असायचा आणि कोणत्या ते सांगायचं, माहीत नसलं तरी सांगायचं. 'हो' म्हणण्याच्या कलाला इथे जागाच नाही. सलग तीन बरोबर आले की पट्टे फिके, एक चुकला की ठळक. असं केलं की सराव साधारण 79 टक्के बरोबर येतील अशा पातळीवर स्थिरावतो, म्हणजे फार सोपाही नाही आणि हिरमोड होईल इतका कठीणही नाही.

आणखी दोन बदल केले आणि हे दोन मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. कार्नी आणि सागी यांनी 1991 साली दाखवलं की असं शिकणं फार चिकट असतं: पडद्याच्या ज्या कोपऱ्यात, ज्या डोळ्याने, पार्श्वभूमीच्या ज्या रेघांवर सराव केला तिथेच सुधारणा राहते. भाऊंना 45 अंशांचे पट्टे ओळखायला शिकवून कळमन्यात काही उपयोग नव्हता. म्हणून तिरपेपणा आणि जागा दर बैठकीत बदलत ठेवली. दुसरा बदल भाऊंच्या पहिल्या वाक्यातून आला. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके ठेवले, आधी लांब, मग हळूहळू जवळ. सर त्याला बाजूचे ठिपके म्हणायचे. भाऊ म्हणायचे ढीग. "आज ढीग लई दाट केला सर."

दर वेळी शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून एक पेन धरायचो आणि विचारायचो, एक दिसतं की दोन. मोठ्या माणसाचा दबलेला डोळा जागा झाला आणि दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळली नाहीत तर दुहेरी दिसू लागण्याचा धोका असतो आणि तो त्रास आयुष्यभराचा होऊ शकतो. एकदाही दोन दिसलं असतं तर मी सराव तिथेच थांबवणार होते. तसं झालं नाही.

खोटा गोल

तेरा ते चोवीस या बारा बैठकांत उंबरठा उतरत गेला. एका दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी थोडा, मधे एकदा भाऊंच्या घरी लग्न होतं तेव्हा जागरणाने उलटा चढला. शेवटी त्यांना लागणारा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पट्ट्यांचा ठळकपणा, तेराव्या दिवसाच्या सुमारे दोन तृतीयांश राहिला होता.

पण हे पट्ट्यांच्या सरावाने झालं की मेंदूच्या गोलाने? या बारांपैकी चार बैठकांत गोल खोटा होता. भाऊंच्याच आधीच्या एखाद्या बैठकीचा गोल त्यात पुन्हा चालवलेला, त्या क्षणीच्या मेंदूशी त्याचा काही संबंध नाही. कोणत्या चार ते फक्त सरांना माहीत होतं. भाऊंना नाही, मलाही नाही.

चिठ्ठी उघडली तेव्हा खोट्या दिवसांतही उंबरठा जवळजवळ तसाच उतरताना दिसला. म्हणजे डोळ्याला शिकवलं ते मुख्यतः त्या कंटाळवाण्या पट्ट्यांनी. फरक दिसला तो दुसरीकडे. आम्ही मधूनमधून अगदी ठळक, न चुकण्यासारखे ठिपके पेरत होतो, फक्त लक्ष आहे की नाही हे बघायला. खऱ्या गोलाच्या दिवशी ते शेवटपर्यंत बरोबर यायचे. खोट्या दिवशी दुसऱ्या बारा मिनिटांत चुका वाढायच्या. भाऊंनी स्वतः एका खोट्या दिवशी म्हटलं होतं, "आज गोल आयकून नाही राहिला माहं." तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, वहीत मात्र लिहून ठेवलं होतं.

माझा या प्रकरणातला निष्कर्ष हा: तरंगांच्या गोलाने भाऊंना पाहायला शिकवलं नाही, पाहण्यासाठी जागं ठेवलं. एरवी पाचव्या बैठकीला सोडून देणारे लोक मी पाहिलेत, त्यामुळे हे मला थोडं वाटत नाही. एका माणसावरून याहून पुढे जाता येत नाही. चार खोटे दिवस हा पुरावा लहान आहे आणि तोवर दहा-बारा बैठकांची सवयही लागलेली होती. पण हाच सराव उद्या कोणी दुसऱ्यावर करणार असेल तर मी सांगेन की तरंगांचं यंत्र मिळालं नाही म्हणून थांबू नका, दोन घंटांचा प्रश्न आणि बाजूचे ठिपके आधी घ्या. आणि यंत्र असेल तर पहिल्या दिवसापासून माणसाच्या जबड्याकडे बघा.

जूनअखेर तक्त्यावर ओळीतलं 6/18 पूर्ण आणि 6/12 च्या ओळीतली दोन अक्षरं. एकटं अक्षर होतं तिथेच, 6/12. एकलं आणि ढिगातलं यातलं अंतर मात्र कमी झालं होतं. उजवा डोळा बिनधोक झाकून टाकता येईल अशी ही नजर नाही आणि हे मी भाऊंना स्पष्ट सांगितलं. सल काढताना संरक्षक चष्मा लावायचा, हे त्याहून जोरात सांगितलं. नंबरचा चष्मा रोज लावायचा, ही तिसरी गोष्ट.

मग पाऊस लागला आणि ते आले नाहीत. तपासणी नोव्हेंबरात ठेवली होती. त्याऐवजी एका सकाळी फोन आला की माल घेऊन कळमन्यात आहे, इकडंच या ना मॅडम.

आंबियाचा माल आलेला, शेडमध्ये संत्र्यांचे ढीगच ढीग, सालीचा तिखट वास डोळ्यांत जाणारा. भाऊंनी दुपट्ट्याने उजवा डोळा झाकला, ढिगापासून दोन पावलं मागे उभे राहिले आणि बोट दाखवत गेले. हे डागी. हे बरं. ते खालचं, देठापाशी काळं. मी उचलून पाहत होते. मोठे डाग त्यांना सापडत होते, कोळशीची काळी काजळी सापडत होती. बारीक खवल्यासारखे ओरखडे असलेली फळं त्यांनी चांगली म्हणून सोडली. तीन वेळा त्यांनी दाखवलेल्या फळाच्या शेजारचं फळ डागी निघालं.

बाजूला त्यांचे काका माल निवडत होते, न थांबता, हातात न घेता. भाऊंनी दुपट्टा काढला आणि काकांकडे बघत म्हणाले, "त्यायच्याइतकं नाही येत अजून. पन ढीग आता ढीग दिसते."

मी गाडीतून तक्ता आणला होता. ऑफिसच्या भिंतीला टांगून सहा मीटर मोजले. 6/18 कायम होतं. 6/12 मधली दोनऐवजी तीन अक्षरं. पुढची तारीख मृग बहाराचा माल निघाल्यावरची, मार्चमधली, ठरवली आणि त्यांना सांगितलं, आदल्या रात्री डोकं धुऊन या.